डेड स्टॉक

बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कांनी एक जाडजूड रजिस्टर माझ्यापुढे आदळलं आणि ते म्हणाले, "हं, डेड स्टॉक टॅली करा." माझ्या पोटात गोळा आला. बी.कॉम.ला आम्हाला चालू मत्ता शिकवली होती, स्थिर मत्ता शिकवली होती, एवढंच काय पण डोळ्यांना न दिसणारी मत्तासुद्धा शिकवली होती. मयत मत्ता शिकवली नव्हती. भीत भीत रजिस्टर उघडलं तर आत टेबलं, खुर्च्या, स्टुलं, पंखे आणि 'भिंतीवरील घड्याळ (बंद)'. मग उलगडा झाला. ज्या वस्तू विकायच्या नसतात, नुसत्या वापरून झिजवायच्या असतात, त्यांना हपिसात डेड स्टॉक म्हणतात. या व्याख्येत कारकूनही बसतो, पण त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात असते आणि त्याला दोन वेळा सही करावी लागते, एवढाच फरक.

इतक्या वर्षांनी हे आठवायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. साताऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याचे हिशेब मी दर वर्षी फुकट लिहून देतो. (फुकट म्हणजे चहा आणि दोन बिस्किटं. एक माझं, एक वरच्या वर्गातल्या पाहुण्यासाठी ठेवलेलं, पण पाहुणा येत नाही.) त्यांच्या डेड स्टॉक रजिस्टरात शेवटच्या पानावर एक ओळ होती. 'रुग्णवाहिका, नग १, खरेदी सन १९७४, पुस्तकी किंमत रु. १. शेरा : भंगारात काढणे. कोटेशने मागविणे.'

ज्यांनी कॉमर्स केलं नाही अशा सुखी लोकांसाठी हा एक रुपया समजावून सांगतो. वस्तू विकत घेतली की दर वर्षी तिची किंमत वहीत थोडी थोडी उतरवत न्यायची. याला घसारा म्हणतात. उतरवता उतरवता किंमत शून्यापाशी येते तेव्हा हिशेबनीस थबकतो. शून्य केलं तर वस्तू वहीतून नाहीशी होईल, मग ती कोणी उचलून नेली तरी पत्ता लागायचा नाही. म्हणून एक रुपया शिल्लक ठेवतात. मयताच्या तोंडात तुळशीपत्र ठेवावं तसा तो रुपया असतो.

तर या एक रुपयाच्या गाडीत माझा जन्म झाला आहे.

१९८० सालचा पावसाळा. आई अडली होती. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मिरजेला न्या." आमच्या मुलखात या दोन शब्दांना पिढ्यान्पिढ्या वजन आहे. डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल काढलं ते १८९४ साली. तेव्हापासून सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे बेळगाव, विजापूरपर्यंतचं अवघड दुखणं मिरजेची वाट धरतं. इथल्या दुखण्यांनाच मिरजेचा रस्ता पाठ झालेला आहे. पण दुखण्याला पाय नसतात. त्याला गाडी लागते. दवाखान्याची गाडी म्हणजे ही बजाज टेम्पोची मॅटाडोर. पुण्याजवळ आकुर्डीला बनलेली, आराखडा जर्मन, आवाज मात्र अस्सल देशी. एका शेटजींनी आपल्या स्वर्गवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ ती दिली होती आणि तसं मागच्या दारावर रंगवलं होतं. त्यातलं 'कैलासवासी' हे अक्षर एवढं ठळक होतं, की स्ट्रेचरवरचा माणूस आत शिरताना आधी तेच वाचायचा. बरेचसे पेशंट निव्वळ त्या अक्षराच्या धसक्याने शुद्धीवर येत असत, असं ड्रायव्हरमामा सांगायचे.

साताऱ्याहून मिरज सव्वाशे किलोमीटर तरी पडेल. आत आई, आजी आणि नर्सबाई. पुढे ड्रायव्हरमामा, आणि त्यांच्या शेजारी इंजिनाच्या तापलेल्या झाकणाला मांडी लावून वडील. ("मला काय कमी चटके बसले?" हे वाक्य ते पुढे आयुष्यभर आईला ऐकवायचे.) कराड गेलं, मालखेड गेलं, आणि कासेगाव यायच्या आधी पावसात गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथे मी आलो. आता तिथेच कुठेतरी सातारा जिल्हा संपतो आणि सांगली जिल्हा सुरू होतो. मामांचं म्हणणं, हद्दीचा दगड मागे गेला होता. वडील पक्के सातारकर. त्यांचं म्हणणं, दगड अजून यायचा होता. हा सीमाप्रश्न आमच्या घरात मिटला नाही. नंतर गाडी मिरजेला गेलीच, त्यामुळे दाखल्यावर मिरज आहे, वडिलांच्या मते मी साताऱ्याचा, मामांच्या मते सांगलीचा आणि खरं सांगायचं तर मी मॅटाडोरचा. इतरांना जन्मगाव असतं, मला जन्मगाडी आहे.

पुढे गाडी थकली. दवाखान्यात मारुती व्हॅन आली. मग या गाडीतली बाकं काढली, मागचं एक पत्र्याचं कपाट कापलं, स्ट्रेचरच्या जागी लांब फळी बसवली आणि वरून रंग मारून 'वैकुंठरथ' असं लिहिलं. रंगाऱ्याने हात एकच मारला होता. पाऊस पडला की 'वैकुंठरथ'च्या खालून 'रुग्णवाहिका' डोकं वर काढायची. १९९९ साली वडील गेले. त्यांना संगम माहुलीला स्मशानभूमीत नेलं ते याच गाडीतून. ड्रायव्हरमामांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. मी पुढे बसायला गेलो तर ते म्हणाले, "तिथं झाकणापाशी बस. तुझ्या वेळेला दादा तिथंच बसले होते."

मी बसलो. चटके बसत होते.

एवढं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, भावना ठीक आहे हो, पण भंगार ते भंगार. आणि नेमकं इथेच माझं भांडण आहे. कारण जुनी मोटार म्हणजे भंगार असं कोणीच म्हणत नाही. जुन्या मोटारीला व्हिंटेज म्हणतात. तिला पॉलिश करतात, तिच्या बॉनेटवर हार घालतात, तिच्यापुढे उभं राहून बायकामुलांसकट फोटो काढतात. दिल्लीत 'स्टेट्समन'ची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून या शौकाला देशात प्रतिष्ठा आली. आमच्या शेजारी कोल्हापुरात दसऱ्याला करवीर छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीने उभी असतात. मीही एकदा मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. गाडी देखणी आहे, तिला मुजरा करावासा वाटतो, मी केला. तेव्हा राजेरजवाड्यांच्या मोटारींशी माझं काही वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते, तेवढ्याच मोटारी म्हणजे वारसा, असं मानणाऱ्यांशी.

आमच्या शाखेचे एक बडे खातेदार आहेत. त्यांच्या शेडमध्ये चार जुन्या गाड्या. त्यांच्या मुदत ठेवीची पावती द्यायला गेलो असता त्यांनी एकेक गाडीची झूल काढून मला दर्शन घडवलं. ही अमुक संस्थानिकांची, ही तमुक साहेबाची, ही तर फक्त दोनदा बाहेर निघाली, दोन्ही वेळा लग्नात. मी धीर करून मॅटाडोरचा विषय काढला. म्हटलं, साहेब, १९७४ ची आहे, ५० वर्षं उलटून गेली, स्वस्तात मिळेल.

"मॅटाडोर?" ते म्हणाले. "माल कसला वाहायची?"

"पेशंट. आणि नंतर... मयत."

त्यांनी पटकन झूल परत घातली. जणू माझी नजर लागून त्यांच्या गाडीला ताप येणार होता. "अहो, असली गाडी दारात कोण ठेवतं? अपशकुन! आणि तिला हिस्टरी काय?"

आता हिस्टरी म्हणाल तर काय सांगू? जी गाडी दोनदा लग्नात निघाली तिला हिस्टरी आहे. जी पंचवीस वर्षं रात्री-अपरात्री, पावसापाण्यात मिरजेच्या वाटेवर धावली, जिच्या फळीवर सातारा तालुक्याच्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी एकदा तरी आडवं झालं, तिला हिस्टरी नाही! मी पावती देऊन, सही घेऊन निघालो. मोठ्या खातेदाराशी वाद घालायचा नाही, असं आमचं एक परिपत्रक आहे. म्हणून तो वाद इथे घालतो.

घरी येऊन मी नियम काढला. कारकुनाला राग आला की तो नियम काढतो, त्याच्यापाशी दुसरं हत्यार नसतं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांची रीतसर नोंदणी सुरू केली. गाडी दुचाकी किंवा चारचाकी हवी, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, खाजगी, बिगरव्यापारी वापराची हवी, आणि मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरं मिळतात. आणि अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक अभ्यासासाठी किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच नाही. म्हणजे जी गाडी कोणालाही कुठेही पोचवत नाही तोच आपला वारसा!

मी आमच्या मॅटाडोरला पेपर दिला. चारचाकी : पास. ५० वर्षं : पास. खाजगी वापर : नापास. मूळ रूप : नापास, कारण बाकं काढून फळी घातली. चारापैकी दोन. आमच्या कॉलेजात यावर सेकंड क्लास मिळत असे.

खाजगी वापराची गंमत तर और आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्राने एक यादी काढली, कोणत्या गाड्या ट्रान्स्पोर्ट समजायच्या आणि कोणत्या नॉन-ट्रान्स्पोर्ट. ट्रान्स्पोर्टच्या यादीत ट्रक, टँकर, रिक्षा, बस हे तर आहेतच. शिवाय रुग्णवाहिका आहे, गुराढोरांची रुग्णवाहिका आहे, फिरतं वाचनालय आहे, आगीचा बंब आहे, शववाहिका आहे आणि, हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो, बँकांची कॅश व्हॅनही आहे. म्हणजे रोकड, पुस्तक, पेशंट, पाणी आणि प्रेत यांची ने-आण करणारे सगळे एका पंगतीत. मला या पंगतीचा अभिमान वाटला. गावाचं गावपण ज्यांच्यावर चालतं ती सगळी मंडळी इथे बसली आहेत. फक्त त्यांतल्या कोणालाही म्हातारपणी 'व्ही.ए.' मिळायचा नाही. काम केलं ना? मग वारसा कसले होता!

आता सरकारी रुग्णवाहिकांचं ऐका. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका, सरकारी महामंडळं यांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षं झाली की संपते आणि गाडी रीतसर भंगारात जाते. इथे मी हात जोडून सांगतो, हा नियम बरोबर आहे. छातीत कळ आलेल्या माणसाला व्हिंटेज गाडीतून नेऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबर लावला की प्राणवायूसकट गाडी येते, आत डॉक्टर असतो, ही चांगलीच गोष्ट झाली. आमच्या मॅटाडोरमध्ये प्राणवायू म्हणजे खिडकी होती. तेव्हा जुन्या गाड्या चालवा असं मी म्हणत नाही. एखादी तरी ठेवा म्हणतो. पण दोन्ही नियम शेजारी ठेवले की हिशेब असा निघतो : सरकारी रुग्णवाहिकेने १५ व्या वर्षी मरायचं आणि ५० व्या वर्षी अर्ज करायचा. मधल्या ३५ वर्षांची सोय कुठल्याच कलमात नाही. जावळी-पाटणच्या डोंगरातली माणसं बाजेला दांडा बांधून, चार खांद्यांवर डोली करून आजारी माणूस खाली आणायची, आणि काही वाड्यांवर पावसाळ्यात अजून आणतात. त्या डोलीनंतर दारात पहिली चाकं आली ती कशी होती, हे उद्या नातवाला दाखवायचं म्हटलं तर दाखवायला काही उरणार नाही. राजांच्या मोटारी मात्र हव्या तितक्या दाखवता येतील. नातवाला वाटेल, आपल्याकडे पूर्वी सगळेच राजे होते.

इथे अमेरिकेचा दाखला देतो, कारण परदेशी दाखल्याशिवाय आपल्याकडे फाईल हलत नाही. अमेरिकेत जुन्या शववाहिका आणि रुग्णवाहिका जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, प्रोफेशनल कार सोसायटी. स्थापना १९७६. म्हणजे आमच्या मॅटाडोरपेक्षा दोनच वर्षांनी धाकटी. तिथे बऱ्याच गावी १९६०-७० पर्यंत रुग्णवाहिका चालवायचे ते अंत्यविधी करणारे व्यावसायिकच, कारण आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी गावात त्यांच्याचकडे असायची. पेशंट जगला तर एक बिल, न जगला तर दुसरं. बँकेत असल्या व्यवहारावर ऑडिटर लाल शाईने अर्धं पान लिहील. तर या मंडळींसाठी कॅडिलॅकच्या चासीवर खास दुहेरी गाड्या बनत. शवपेटी सरकवायला जमिनीत जी रुळं असत ती उलटी केली की जमीन सपाट, स्ट्रेचर ठेवायला तयार. आमच्या दवाखान्याने जे पत्रा कापून केलं ते त्यांनी कारखान्यातच करून ठेवलं होतं. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स' सिनेमात भुतं पकडणाऱ्यांची पांढरी लांबलचक गाडी आहे ना, ती असलीच, १९५९ ची मिलर-मीटिओर बॉडीची कॅडिलॅक. पोरंटोरं तिची खेळणी घेतात. मिशिगन राज्यात तर हेल, म्हणजे नरक, नावाचं खरोखरीचं गाव आहे आणि तिथे शववाहिकांचा मेळावा भरत असे. आपल्या त्या खातेदारांना तिथे सोडून यावं असं मला फार वाटतं.

राष्ट्राध्यक्ष केनेडींचा देह १९६३ साली डॅलसच्या हॉस्पिटलातून ज्या शववाहिकेतून नेला, ती २०१२ च्या जानेवारीत लिलावात १,६०,००० डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने ८० लाखांच्या आसपास. त्याच्या आदल्या वर्षी केनेडींची म्हणून एक रुग्णवाहिकाही १,२०,००० डॉलरला विकली गेली आणि मग वाद निघाला, की खरी तर १९८६ मध्येच चेपून टाकली होती, ही भलतीच. बघा, तिकडे रुग्णवाहिकेची नक्कलसुद्धा खपते. इकडे अस्सल उभी आहे चिंचेखाली, आणि तिच्या बॉनेटवर दवाखान्याच्या रखवालदाराची कोंबडी अंडी घालते.

आपल्याकडे असलं काही जपतच नाहीत, असं मात्र म्हणू नका. अलाहाबादच्या, आता प्रयागराजच्या, संग्रहालयात एक फोर्ड ट्रक ठेवला आहे. १९४७ च्या मॉडेलचा, व्ही-एट. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी त्या ट्रकवरून संगमावर नेल्या. त्याला 'गांधी स्मृती वाहन' म्हणतात आणि कोणी त्याला अपशकुनी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणजे अडचण गाडीची नाही. आतला माणूस केवढा, हा प्रश्न आहे. महात्मा असेल तर स्मृती वाहन, आमचे वडील असतील तर एक रुपया.

आणि अपशकुनाचं काय सांगता? ज्या संगम माहुलीला ही गाडी शेकडो खेपा करून आली, तिथेच छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. सातारकर ती पाहुण्यांना हौसेने दाखवतात. इमानी जनावर, त्याने धन्याची सेवा केली, धन्याने त्याला दगडात अमर केलं. सेवेची कदर करायची ही रीत आमच्या मातीत तीनशे वर्षांपूर्वी होती. त्याच माहुलीला रामशास्त्री प्रभुणे जन्मले. मला सारखं वाटतं, हे प्रकरण शास्त्रीबुवांपुढे गेलं असतं तर आरटीओची धडगत नव्हती.

खरं तर अपशकुन वगैरे सगळं फुरसतीचं असतं. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आमच्या गल्लीतून दिवसातून किती वेळा सायरन जायचा ते आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं. तेव्हा याच खातेदारांच्या घरून रात्री दोन वाजता मला फोन आला होता, "तुमच्या ओळखीच्या त्या दवाखान्याची गाडी मिळते का बघा." मिळाली. जुनी-नवी कोणी विचारलं नाही, शववाहिका आहे का रुग्णवाहिका तेही विचारलं नाही. त्यांच्या मातोश्री बऱ्या होऊन घरी आल्या, देवदयेने आता ठणठणीत आहेत. ती गाडी कोणती होती म्हणाल तर मॅटाडोर नव्हे, दवाखान्याची नवी ट्रॅव्हलर. तीही पंधरा-वीस वर्षांनी चिंचेखाली येईल आणि तिच्याही नावापुढे शेरा पडेल. कोंबडीची सोय झाली.

माझी मागणी काही फार नाही. रेल्वेवाले जुनं इंजिन स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढवतात. लष्कर जुना रणगाडा चौकात ठेवतं आणि पोरं त्याच्या तोफेला लोंबकळतात. तसा मिरजेत एखादा चौथरा बांधा. जिथे शंभर-सव्वाशे वर्षं अख्ख्या मुलखाची दुखणी येऊन उतरली, तिथे ती ज्या गाडीतून उतरली ती एक तरी गाडी उभी करा. दारावरचं 'कैलासवासी' तसंच ठेवा. आणि नियमात एक ओळ घाला, की रुग्णवाहिका, शववाहिका, बंब, फिरतं वाचनालय, आणि वशिला लागलाच तर कॅश व्हॅन, यांनी ट्रान्स्पोर्ट म्हणून आयुष्य काढलं असलं तरी त्यांना व्हिंटेजसाठी अपात्र धरू नये. असं पत्र मी दिल्लीला पाठवलं आहे. दोन पानी, समास सोडून. पोच आली आहे. पोच हीसुद्धा एक प्रकारे रुपयाभर किंमतच असते; वहीतून नाव गेलं नाही एवढं कळतं.

दरम्यान कोटेशनची तारीख जवळ आली. भंगारवाले दोघं येऊन गाडीला हाताने थोपटून गेले, बैल बघतात तसे. मग मीही एक कोटेशन भरलं. पैसे कुठून आणणार, हा सवाल होता. आमच्या बँकेच्या कर्मचारी कर्जाच्या अर्जात 'वाहनाचे वय' असा रकाना आहे. तिथे मी ५१ लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "हे तुमचं वय चुकून लिहिलंत का?" म्हटलं, साहेब, मी अजून पन्नाशीचा नाही. "तारण काय?" गाडीच. "तिची किंमत?" एक रुपया. साहेबांनी अर्ज परत दिला आणि दोन दिवस रजा घ्या म्हणाले. शेवटी दिवाळीच्या बोनससाठी ठेवलेली बायकोची रक्कम मागितली. ही आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोफा घेणार होतो." मी म्हटलं, त्यातही बसता येतं. तिने रक्कम काढून दिली, पण एका अटीवर : गाडी उभी करायची जागा सोसायटीकडून लेखी आणायची.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सरळमार्गी गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रुग्णवाहिका असती तर मी माझ्या अधिकारात परवानगी दिली असती," ते म्हणाले, "पण तुम्ही म्हणता ती मधनंच शववाहिका होते."

"पाऊस पडला की पुन्हा रुग्णवाहिका होते," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरवलं. काल सभेची नोटीस आली. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, ताळेबंदास मंजुरी, लिफ्टची दुरुस्ती, पाण्याची टाकी, सगळी कलमं होती, आमची गाडी काही दिसेना. सेक्रेटरींना जिन्यात गाठून विचारलं. त्यांनी नोटीस हातात घेतली आणि अगदी शेवटच्या कलमावर बोट ठेवलं : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.'